आपटा, पार तळाशी

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल

ऑफिसच्या सर्चमध्ये आता नव्या फाइली वर दिसतात, ही कल्पना माझी. त्याचं टिपण मी उन्हाळ्यातच लिहिलं होतं आणि उदाहरणाला माझ्या आजोळचं नाव टाकलं होतं, आपटा. आज मीटिंगमध्ये समीरने तेच टिपण स्वतःचं म्हणून वाचलं. आपट्यासकट! तिथली पाताळगंगा नदी तरी पाहिलीय का याने?

मी म्हटलं, "समीर, हे माझं आहे."

"मग सर्च करून दाखव ना," तो शांतपणे म्हणाला.

सगळ्यांसमोर ‘आपटा’ टाइप केलं. वर त्याचं टिपण, गेल्या आठवड्याचं. मग त्यावरचे मेल. माझं पार तळाशी. आमच्या बॉस मॅडम तिथवर गेल्याच नाहीत.

इतका शांत कसा होता तो?

कारण चहा पिताना मीच त्याला कौतुकाने समजावलं होतं, "जुनं आपोआप खाली जातं रे."