पळत्या घराला शोभेल असं कुत्रं

३ नोव्हेंबर, सोमवार
निर्णय पक्का. कुत्रं आणायचं. लेक सीमा पोलीस भरतीसाठी पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळते, बायको सविता तिच्यामागं भरभर चालते. मला कोणी उठवत नाही. वाईट वाटतं. कुत्रं आलं की पट्टा माझ्या हातात, मग मलाही न्यावंच लागेल. आपली फॅमिली ॲक्टिव्हच आहे. मी तेवढा सामील व्हायचा राहिलोय.

५ नोव्हेंबर
अभ्यास जोरात. लॅब्रेडॉर खादाड, घरात एक पुरे, असं सविता म्हणाली. कोणाबद्दल, ते विचारलं नाही. हस्की तळेगावच्या उन्हात टिकायचा नाही. शिवाय घरात दोन मांजरं, सोनी आणि बोक्या. त्यांच्या केसाला धक्का लागला तर कुत्र्यासकट तुम्ही गोठ्यात, असा सविताचा दम.
दिवसभर व्हिडिओ बघून पाठ धरली. शेजारच्या अनसाबाई रानातून चालत आल्या. सत्तरी उलटली तरी रोज जातात. म्हणाल्या, कवाधरनं बसलाय, उठा की जरा. लोकांना रिसर्च कळत नाही.

८ नोव्हेंबर
सापडलं! कारवानी. आपल्याच मातीतलं, चपळ. यवतच्या म्हाळसाबाईंकडे सहा महिन्यांचं पिल्लू आहे, मांजरांत वाढलेलं. पण फोनवर म्हणाल्या, आदी घर बघीन, मंग पिल्लू. लेकीवानी वाढवलंय, कुणाच्याबी दावणीला बांधायचं न्हाई.
येऊ द्या. मी रोज पाच किलोमीटर पळतो, असं सांगून टाकलंय. त्या पुढच्या रविवारी येणार. तोवर पळायला लागलो की ते खोटं राहणार नाही.

१२ नोव्हेंबर
पहाटे उठलो. बुटांवर बोक्या झोपलेला. मुक्या जनावराची झोपमोड नको.

१६ नोव्हेंबर, रविवार
म्हाळसाबाई आल्या. बुटांना सकाळीच चिखल फासून ठेवला होता. मी चहा उभ्यानेच घेतला. बसा की, म्हणाल्या. बसलो, तशी सोनी मांडीवर. मग बोक्या दुसऱ्या मांडीवर. ही किती येळ बसत्यात, असं त्यांनी विचारलं. सीमा म्हणजे सत्यवादी हरिश्चंद्राची नात. म्हणाली, पप्पा उठतील तवर. म्हंजी जेवणापर्यंत.
म्हाळसाबाई हसल्या. म्हणाल्या, मांजराला बराबर कळतं, कुठनं कोण उठवायचं न्हाई ते.
तेवढ्यात अनसाबाई रानातून आल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या.
नाही असं कुठे म्हणाल्या? आशा आहे.

१९ नोव्हेंबर
पिल्लू आलं. अनसाबाईंकडे.
मला काही वाटलेलं नाही. जेवण गेलं नाही, ते वांगं तिखट होतं म्हणून.

२५ नोव्हेंबर, पहाटे
आपोआप जाग आली. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसलो. सीमा पुढे, पिल्लू तिच्या बरोबरीने, मागे सविता आणि अनसाबाई गप्पा मारत. पिल्लू आमच्या दाराशी थांबलं, माझ्या बुटांचा वास घेतला. सवितानं खिडकीकडे बघून हाक मारली, येताय का?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हो म्हणणारच होतो.
पण मांडीवर सोनीचा नुकताच डोळा लागला होता.