दोन तासांच्या अंतरावरून

ती. वहिनींच्या चरणी साष्टांग नमस्कार. (पलंगावर बसूनच घातला आहे, राग मानू नका. भिंतीतला पलंग ओढून बाहेर काढला की या खोलीत साष्टांग घालायला जमीनच उरत नाही.) तुमची कंबर कशी आहे? भाऊचा खोकला? अण्णा गोळ्या गिळतात की अजून उशीखालीच ठेवतात? त्यांच्या हृदयाचं तेवढं खरं खरं कळवा. बाकी काहीही फुगवून लिहिलंत तरी चालेल.

मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सहा महिन्यांपैकी पाच संपले. पंपांचे नकाशे तपासायचं काम सोपं आहे. अवघड आहे ते बसणं. इथल्या कचेरीत कुणालाच स्वतःची खुर्ची नाही. सकाळी जो जिथे टेकेल, ती जागा त्याची. आता वीस वर्षं बसनं कामावर गेलेल्या माणसाला जागा धरायला शिकवायला हवं का? चार महिने मिळेल तिथे टेकलो, मग खिडकीजवळची खुर्ची हेरली आणि निघताना तिच्यावर रुमाल टाकला. दुसऱ्या दिवशी रुमाल गायब, आणि खुर्चीत एक धिप्पाड हिशेबनीस. मीही इरेला पेटलो. रोज एक रुमाल. (तुम्ही डझनभर दिलेत तेव्हा 'एवढे कशाला' म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.) बाराव्या दिवसानंतर साफसफाईच्या बाईंनी सगळे रुमाल धुऊन, घड्या घालून आणून दिले आणि पाठोपाठ साहेबांनी बोलावलं. सर्दी किती वर्षांची आहे, असं त्यांनी फार हळुवारपणे विचारलं. रुमाल म्हणजे जागा, हे मी परोपरीनं सांगितलं, पण त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी तीन दिवसांची आजारपणाची रजा गळ्यात पडली.

धडधाकट माणसाला आजारपणाची रजा मिळाली की तो विचार करत बसतो. खरं सांगू? मला इथे आवडतं. खाली रस्त्यावर माणसांचा नुसता पूर असतो आणि त्यात एकही जण 'लग्नाचं काय रे' म्हणून अडवत नाही. उद्या त्याच रस्त्यावर घसरून पडलो तर हात द्यायलाही कुणी थांबणार नाही, हे मात्र रजेच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आणि आपलं ते खोटं. मी परदेशी गेलो हे ऐकून अण्णांनी धसका घेऊ नये म्हणून तुम्ही मला दोन तासांच्या अंतरावरच्या कारखान्यात पाठवलंत. कल्पना झकास, पण निभावताना नाकी नऊ येतात. तुम्ही सकाळी तिकडचं हवामान कळवायचं, आणि मी दोन स्वेटर घालून फोनवर 'काय उकडतंय' म्हणायचं. वीस रविवार मी घरी येऊ शकलो नाही, त्याला तुम्ही वीस कारणं शोधलीत. माझ्या साहेबांच्या सासूला तुम्ही दोनदा मारलंत, वहिनी. जरा लिहून ठेवत जा.

असो. भाऊला नमस्कार, अण्णांना सांभाळा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. साहेब आणखी एक वर्ष थांब म्हणताहेत. भाऊला तुम्हीच पटवा, आणि अण्णांसाठी काहीतरी नवीन शोधा. तुमच्याइतकं गोड खोटं मला जमत नाही.

ता. क. २. हेही सांगून टाकतो. रजेच्या तिसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा तुम्ही भाजीला गेला होतात. अण्णांनी उचलला. मी नेहमीप्रमाणे उकाड्याचं सुरू केलं. ते म्हणाले, "तिकडे आता दुपार ना? जेवलास का?" पहिल्या आठवड्यापासून त्यांना ठाऊक आहे. त्यांना ऐकू येत नाही या समजुतीनं तुम्ही शेजारणीला सगळं त्यांच्यासमोरच सांगितलंत. वर म्हणाले, "तिला बोलू नकोस हं. बिचारी फार मन लावून रचते." तेव्हा तुम्हीही कळलं असं दाखवू नका. फोन ठेवताना म्हणाले, "जवळच आहेस म्हणतोस, तर एक दिवस जेवायला येऊन जा ना रे."

ता. क. ३. पहिला ता. क. वाचू नका. साहेबांना नाही म्हणून आलो. उरलेला महिनाही आता निघणार नाही. येत्या रविवारी माझं पान वाढा.