संध्याकाळचा आकडा

मुलींचं वसतिगृह,
मंगळवार, ता. ९

प्रिय दादा,

‘तीर्थस्वरूप’ वगैरे लिहिलं तर तू आधी हसशील आणि मग पत्र बाजूला ठेवशील, म्हणून साधाच नमस्कार घे. मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालते.

इथे सगळं नेहमीसारखं. खोलीतली एक सकाळी उठून मोठ्याने पाठांतर करते, दुसरी तिला उशी फेकून मारते आणि माझी खाट मध्ये असल्यामुळे ती उशी मला लागते. खानावळीतल्या मावशी वाढताना चेहरा बघतात. जिचा चेहरा पडलेला, तिच्या ताटात जास्त. या महिन्यात माझं वजन वाढलंय. छापखान्यातून तू पाठवलेला कापीव कागदांचा गठ्ठा मिळाला, हे पत्र त्यातल्याच कागदांवर लिहितेय. कडा इतक्या सरळ कापतोस की त्यावर वाकडं अक्षर काढायची लाज वाटते.

काल आईचा फोन आला होता. तुझं कार्ड तिने मला तीनदा वाचून दाखवलं. ‘रविवारी येतो. बाबांची माफी मागतो. सात वर्षं झाली, आता पुरे.’ तिने तुझी गादी उन्हात टाकलीय. तुझे जुने सदरे पेटीतून काढलेत आणि ते तुला आता खांद्यात बसतील का यावर शेजारणीशी वाद घातलाय. फोनवर ती हसत होती, दादा. आईला फोनवर हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं लाइन खराब आहे.

तेव्हा खरं तर मी ‘ये लवकर’ एवढंच लिहून पाकीट बंद करायला हवं. फोन केला असता तर तू नेहमीसारखं ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. शुक्रवारपर्यंत पत्र पोचेल असं पोस्टातला कारकून म्हणाला.

रविवारी बाबांची माफी मागू नकोस.

का, ते तुला अर्धं माहीत आहे. तरी सगळं क्रमाने लिहिते. क्रम सोडला की मी मधलं काहीतरी गाळते, ती सवय मला जुनीच आहे.

बाबांचा पाय शेवाळावरून घसरून मोडला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तुला अठरावं नुकतंच पूर्ण झालं होतं. पुलाच्या खांबावरची ती पट्टी, एक्केचाळीस पायऱ्या, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. नदीची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि खालच्या पंपघराला फोन करून सांगायची. बाबांनी हे बावीस वर्षं केलं होतं. घरचा अठरा पूर्ण झालेला माणूस बदली म्हणून चालत असे, म्हणून कचेरीत तुझं नाव लागलं. पण संध्याकाळी तुझा पदविकेच्या प्रवेशाचा वर्ग होता. म्हणून बाबांनीच घरातल्या घरात ठरवलं, सकाळ तुझी, संध्याकाळ माझी. मी येऊन आकडा सांगायचा, तू वर्गाहून आलास की तुझ्या अक्षरात वहीत लिहायचा आणि पंपघराला कळवायचं. कचेरीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाबा प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून आपल्याला धडे द्यायचे, आठवतं? ‘लाट वर येते, खाली जाते, दोन्ही बघायचं आणि मधला आकडा घ्यायचा. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. अंदाज लिहिला की ते खोटं.’ न पाहिलेल्या दिवशी रकाना रिकामा ठेवायची नियमाने मुभा होती, वहीच्या पहिल्या पानावर तसं छापलेलंच होतं. पण बाबा बावीस वर्षांच्या वह्या पाहुण्यांसमोर उघडून दाखवायचे. ‘एक रकाना रिकामा दाखवा, नोकरी सोडतो.’ आपल्या घरात खोटं बोलणं वाईट होतं, पण रिकामा रकाना त्याहून वाईट होता. हे मला कुणी शिकवलं नाही. बारा वर्षांच्या पोरीला न शिकवताही ते कळलं.

मी पायऱ्या उतरत नव्हते. पहिले चार दिवस उतरले, पाचव्या दिवसापासून नाही. पुलाच्या वरच्या अंगाला मातीच्या कड्यात खंड्याचं बीळ होतं. नर चोचीत मासा घेऊन यायचा, फांदीवर आपटून आपटून त्याला गार करायचा आणि बाणासारखा आत शिरायचा. मी समोरच्या दगडावर बसून राहायचे. पहिली पिल्लं उडून गेली, महिन्याभरात त्याच बिळात दुसरी आली. घरी आले की मी सकाळचा आकडा आठवायचे आणि त्यातून दोन वजा करून तुला सांगायचे. दोन मीटर सेहेचाळीस असेल तर चव्वेचाळीस. दोनच का? एकाने कमी केलं तर खोटं वाटेल आणि तीन म्हणजे फार, असं माझं शास्त्र. तू म्हणायचास, ‘शाबास नाकतोड्या,’ आणि लिहायचास.

मग तो दिवस आला. दुपारी वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले. संध्याकाळी पाणी मीटरभर चढलं आणि तू पंपघराला फोन करून सांगितलंस, ‘सकाळपेक्षा दोनने कमी.’ पंपघर बुडालं. पंपवाला सकाळपर्यंत छपरावर बसून होता. खालच्या वस्तीला आठ दिवस पाणी नव्हतं.

साहेब आपल्या बाहेरच्या खोलीत उभे राहून वहीची पानं उलटत होते. बाबांनी तुला विचारलं, ‘हे कुणी लिहिलं?’ तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, ‘मीच लिहिलं.’ ते खरंच होतं, लिहिलं तूच होतंस. बाबांनी साहेबांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. ‘खोटं लिहिणारा माझ्या घरात नको.’ तू पिशवी भरलीस. मी दाराला टेकून उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. पदविकेची जागा लागलेली असताना तू कागद कापायला गेलास. तुला पूल बांधायचे होते.

तुझं टेबल मला मिळालं. तुझी ड्रॉइंगची फळीही. ‘हीच एक सरळ निघाली,’ असं बाबा चारचौघांत म्हणायचे आणि मी मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

आता स्पष्टच लिहिते, मला तुझा राग येतो. कुणी सांगितलं होतं तुला देव व्हायला? त्या दिवशी माझं नाव घेतलं असतंस तर मी मार खाल्ला असता, आठ दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. तू गप्प बसलास आणि मला कामाला लावलंस. सात वर्षं पहिला नंबर काढतेय, तो काही हुशारीने नाही. आई म्हणते, लेक किती मोठी झाली. उंची वाढली, एवढं खरं. बाकी मी अजून त्याच दाराला टेकून उभी आहे.

तुझं कार्ड आता आलं, पण हे सगळं सुरू झालं दीड महिन्यापूर्वी, नदीच्या तासाला. सरांनी पडद्यावर एक तक्ता लावला. ‘आकड्यांत खोटेपणा कसा ओळखायचा, बघा.’ मी पहिल्या ओळीतच ओळखलं. तुझं अक्षर होतं. सकाळ बदलतेय, संध्याकाळ नेमाने दोनने कमी, सलग चोपन्न दिवस. सर म्हणाले, ‘हा बहाद्दर संध्याकाळी पायऱ्याच उतरत नव्हता. घरी बसून चहा पीत असणार. असा माणूस दिसला की त्याची सगळी पानं बाद करायची. आम्ही या ठिकाणची बावीस वर्षांची मोजणी अभ्यासातून काढून टाकली.’ वर्ग हसला. मीही हसले, दादा. सगळ्यांत मोठ्याने.

बावीस वर्षं. तापात, वादळात, आईच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तो माणूस त्या पायऱ्या उतरला. सगळं बाद.

त्याच शनिवारी घरी गेले. बाबा मागच्या अंगणात खुर्चीची पट्टी विणत बसले होते. कोठारात बदली झाल्यापासून ते सुट्टीच्या दिवशी असलं काहीतरी हातात घेऊन बसतात. आई बाजारात गेली होती. मी एका दमात सांगून टाकलं, संध्याकाळचे आकडे माझे होते.

त्यांनी मान वर केली नाही. ‘माहीत आहे.’

‘केव्हापासून?’

‘त्याच दिवसापासून. संध्याकाळची पाळी तुझी होती. ती मीच लावली होती ना?’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, ‘मग दादाला का मारलंत?’

‘मग काय करू? साहेबाला सांगू, बारा वर्षांच्या पोरीच्या हातात कचेरीची वही दिली होती म्हणून? नोकरी गेली असती. कचेरीने दिलेली राहायची जागा गेली असती. त्याचं नाव बदली म्हणून लागलेलं होतं, त्याच्यावर निभावून नेण्यासारखं होतं. मी त्याला हाकलला तेव्हा कुठे साहेब शांत झाला.’ मग पट्टी ओढून घट्ट करत म्हणाले, ‘दोन दिवसांनी परत येईल असं वाटलं होतं. तो आलाच नाही.’

‘तुम्ही बोलवायचं होतंत.’

‘बाप आहे मी त्याचा.’

एवढंच. मी सात वर्षं ज्या भीतीने पोखरले गेले, ती भीती त्यांच्याकडे आधीपासूनच घडी करून ठेवलेली होती. काल आईनंतर त्यांनी फोन घेतला. हळू आवाजात म्हणाले, ‘तो माफी मागणारच आहे ना? मागू दे. विषय संपेल. तू तोंड उघडू नकोस, तुझ्या आईचा विचार कर.’

संध्याकाळी मी जायचे एवढं आईला माहीत आहे, पण वहीत आकडे तूच मनाचे लिहिलेस असं ती समजते. मी आईचा विचार केला, रात्रीपासून तोच करतेय. तू आलास, दोन वाक्यं बोललास, की घर पुन्हा चौघांचं होईल. कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त माफी चुकीच्या माणसाने मागितलेली असेल आणि ती बाबा मोठ्या मनाने देतील. ते देताना मला बघवणार नाही.

इथपर्यंत लिहून मी जेवायला जाऊन आले. पाकिटावर पत्ताही लिहिला. मग परत कागद काढला, कारण अजून एक गोष्ट आहे. बाबांना ती माहीत नाही. तुलाही नाही.

त्या संध्याकाळी मी दगडावर बसले होते. पाणी चढताना मला दिसलं. आधी गढूळ झालं, मग फांद्या, मग एक अख्खी बाज वाहत गेली. पाणी कड्याला चाटत वर वर आलं आणि बिळात शिरलं. आत पिल्लं होती. नर मासा घेऊन आला आणि बीळ सापडेना म्हणून पाण्यावरून फेऱ्या मारत राहिला, चोचीत मासा तसाच. मी रडत घरापर्यंत धावले. इथे माझ्या वर्गातल्या मुली नदीला आई म्हणून निबंध लिहितात. मी तसलं काही लिहीत नाही.

तू नुकताच वर्गाहून आला होतास. दारात विचारलंस, ‘रडतेस का गं?’ मी म्हटलं, काटा लागला. तू विचारलंस, ‘किती?’

पाणी मीटरभर चढलंय हे मी तुला सांगू शकत होते. पंपघराला फोन व्हायचा होता. पण खरं सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, एवढं एकदम कसं चढलं, चल दाखव, आणि मग चोपन्न दिवस बाहेर आले असते. मी सकाळच्या आकड्यातून दोन वजा केले आणि तुला सांगितलं. तू म्हणालास, ‘शाबास.’

मी आळशी होते असं तू समजलास, म्हणून पाठीशी घातलंस. मला पाणी दिसलं होतं, हे कळलं असतं तर घातलं असतंस का, हे मला माहीत नाही. म्हणूनच तेव्हा सांगितलं नाही आणि म्हणूनच आज सांगतेय, रविवारच्या आधी.

शनिवारी मी घरी जातेय. आईला मी स्वतः सांगणार आहे, तिच्या हातात गादीची चादर असली तरी. बाबा काय करतील ते करोत. तू आलास तर मोकळ्या मनाने ये, कुणापुढे मान खाली घालू नकोस. नाही आलास तर ते माझ्यामुळे, हेही आईला मीच सांगेन आणि तिच्यासोबत दिवसभर बसेन.

मला माफ कर असं लिहवत नाही. करू नकोस असं म्हणायची हिंमत नाही.

तुझी म्हणवून घ्यायचं की नाही, हे तुझ्यावर सोडलेली,
धाकटी