पलंगापासून दारापर्यंत

३ मार्च, मंगळवार
सगळ्यात आधी आली ती खालची ब्लाउज शिवणारी. टेप गळ्यातच. वरच्या मास्तरीणबाई बाथरूममध्ये पडल्या म्हणे. सकाळी पडल्या त्या संध्याकाळपर्यंत तिथेच. दुधाची पिशवी दारात तशीच दिसली म्हणून कळलं. मग समोरचा कंपाउंडर आला, त्याने तेच पुन्हा सांगितलं, फक्त हाड दोन ठिकाणी मोडलं. त्यांचा मुलगा घराला कुलूप लावून त्यांना घेऊन गेला. वाईट वाटलं. पण त्यांचं चालणंच मुळी तसलं, वर्गात शिरल्यासारखं तरातरा. मी जपून चालते. मला कसली भीती नाही.
ही वही नातीने दिलीय. शाळेत मी तीनच वर्षं गेले, पण अक्षर बघावं माझं.

५ मार्च, गुरुवार
आजपासून बाथरूममधली अंघोळ बंद. पलंगावर बसून अंग पुसून घेते. भीती म्हणून नाही, पाणी वाचतं.

७ मार्च, शनिवार
नवा प्लॅन. ही खोली उगाच मोठी आहे. मधोमध नुसती फरशी, कुणाच्या कामाची? पलंगापुढे खुर्ची ओढली, मग टीपॉय, मग दुसरी खुर्ची, आणि दाराशी चपला घालायचं स्टूल आहेच. आता दारापर्यंत हात कुठे ना कुठे टेकतो. धरत नाही मी, नुसता टेकवते. फोन, वही, चष्मा पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली. डोकं लागतं असल्या गोष्टींना. ओढताना दोनदा खाली बसले. विचार करायला.
वरचं घर बंद आहे, तरी दुपारी धप्प असा आवाज येतो. एकदाच. मी मान वर करून थांबते. मग काही नाही. मांजर असणार. कुलूप असताना मांजर शिरतं कुठून ते त्यालाच ठाऊक.

१० मार्च, मंगळवार
बाल्कनीत जाणं बंद. उन्हाने कपड्यांचा रंग जातो.
टीपॉय आणि दुसऱ्या खुर्चीच्या मधला फरशीचा एक चौकोन आज माझ्याकडे बघत होता. फरशी बघते का कुठे. तरी म्हटलं, असू दे. स्वयंपाकघर त्याच्या पलीकडे, म्हणून जेवण राहिलं. पोटालाही सुट्टी हवी.

१२ मार्च, गुरुवार
लेकीचा फोन. मास्तरीणबाईंचं तिच्या कानावर गेलंय. कुणी सांगितलं ते टेपवालीलाच विचारावं. रविवारी सगळे येणार. म्हणाली, "आई, दारापर्यंत एकटीने चालून दाखव. नाही जमलं तर त्याच दिवशी बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं."
तिच्याकडे सगळे मायेने वागतात. उठले की बस म्हणतात. गेल्या वर्षी आठ दिवस राहिले, नवव्या दिवशी पाणी प्यायला उठताना मीच इकडेतिकडे बघायला लागले, कुणी परवानगी देतंय का.
मी म्हटलं, दार कसलं, खाली रस्त्यापर्यंत दाखवते. उद्यापासून प्रॅक्टिस.

१३ मार्च, शुक्रवार
प्रॅक्टिस केली. बसून.

१५ मार्च, रविवार, संध्याकाळ
पास झाले मी.
लेक, मुलगा आणि नात आले. शिरताशिरताच मुलगा खुर्चीला अडखळला. हे काय गोदाम केलंयस म्हणाला. मी म्हटलं, झाडायला सरकवलंय रे, परत लावायचा कंटाळा. गुणी पोरगा. एका दमात खुर्च्या, टीपॉय उचलून खिडकीखाली नेऊन ठेवलं, स्टूल तेवढं दाराशी राहिलं. वर फरशीही पुसून दिली. मी हसत होते.
लेक दारात जाऊन उभी राहिली. ये म्हणाली. मी नातीला जवळ घेतलं, किती गं उंच झालीस म्हणत तिच्या खांद्यावर हात टाकला, आणि शाळेचं विचारत विचारत दारापर्यंत आलेसुद्धा. नात हळूच म्हणाली, "आजी, खांदा दुखतोय." मी म्हटलं, माया असते ती. लेकीचे डोळे भरून आले. म्हणाली, उगाच घाबरले मी, तू तर आमच्यापेक्षा ठणठणीत. मग दारातूनच निरोप. जिन्यात वळेपर्यंत मी हात हलवला. दुसरा हात चौकटीला होता.
कडी लावली आणि मागे वळले.
केवढी मोठी आहे ही खोली. फरशी नुसती चकचकतेय. भिंतीला धरायला काही नसतं हे आजवर ध्यानात आलं नव्हतं.
जरा स्टुलावर बसलेय. इथून पलंग छान दिसतो. फोन पिशवीत आहे. लेकीला केला तर गाडी वळवून दहा मिनिटांत येईल. पण येईल ती बॅग भरायलाच. टेपवालीला हाक मारली तरी तेच, तासाभरात लेकीला कळणार. तसं बरं आहे इथे. दाराखालून वारा येतो. पाय लांब करता येतात. घाई कुठे आहे.
पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, येतो म्हणालेत.