पिवळी बाटली

४ ऑगस्ट
पोलादपुरात दवाखाना थाटून चौथा महिना. आज पेशंट तीन. व्हायरल तापाची साथ घरोघर, आणि गर्दी समोरच्या डॉक्टरांकडे. ते सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडतात, बाटली पिवळीधमक होते, लोक खूश. माझ्याकडे पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. कोण येणार?

६ ऑगस्ट
एक बाई सरळच म्हणाल्या, "ताकदीची बाटली लावनार नसशील तर तसं सांग." समजावलं. अंगात कमतरता असेल तर जीवनसत्त्वं हवीतच. गोवर झालेल्या पोराला अ जीवनसत्त्व मी स्वतः देते. पण नीट जेवणाऱ्याचा साधा व्हायरल ताप बाटलीने लवकर उतरतो, असा पुरावा नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रस्ता ओलांडून समोर गेल्या.

८ ऑगस्ट
पेशंट शून्य. दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघाला, दूधवाल्याला: "अर्धा." आई परवा फोनवर म्हणाली, लातूरला परत ये. या महिन्यात जम बसला नाही तर जावंच लागेल. लाज वाटते.

११ ऑगस्ट
घरमालकीण सुंदराकाकींना ताप. मागच्या खोलीत एकट्याच असतात. रक्त तपासलं, ठीक. तर त्याही म्हणाल्या, "बाटली लाव गो." चिडलेच मी. घरचीच माणसं अशी!
"काकी, जेवताय, पाणी पिताय. बाटलीने काय होणार?"
"ता मला काय म्हाईत? तुजी गोळी घेतली की दोन मिंटात उठायचं. समोर बाटली संपेपर्यंत कोन तरी बाजूला असतं."
इतकं वाचलं, हे कुठे वाचलं नव्हतं.
बाटली नाही लावली. पेज करून दिली, दुपारभर शेजारी बसले. त्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला, मी त्यांच्या गुडघ्यांचा.

१४ ऑगस्ट
काकींचा ताप उतरला. उतरणारच होता. लेक येऊन डोंबिवलीला घेऊन गेली. "जेवत जा गो येळेवर," म्हणाल्या. मागे कुलूप.

१६ ऑगस्ट
आता मलाच. १०२. अंग नुसतं ठणकतंय. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. विश्रांती तर काय, हवी तेवढी.

१८ ऑगस्ट
ताप आहेच. बाटलीने तो तासभरही आधी जाणार नाही, पक्कं ठाऊक आहे. पण समोरचा कंपाउंडर म्हणे मधूनमधून येऊन विचारतो, "बरं वाटतंय का?" तीन दिवसांत मला कुणी विचारलेलं नाही. आईला सांगितलेलंच नाही, ती न्यायलाच येईल.
समोर साडेनऊला उघडतं. सव्वानऊ झालेत. केस विंचरून बसलेय.