मानेला हात लावला नाही म्हणून

बुधवार, सकाळी, दुकान उघडायच्या आधी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आणि हा नुसता लिहिण्यापुरता नाही बरं का! आता कंबर वाकते, तेव्हा खरोखर घालून दाखवीन. आम्ही सगळे मजेत. धाकटीला दात आलेत, घरातल्या प्रत्येकाला चावून झालंय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

काल तू माझ्या दुकानाची पायरी चढलास. मी वेगळं दुकान थाटल्यापासून पहिल्यांदा! मला इतका आनंद झाला, की समोरच्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला जरा जास्तच उडाला. तू खुर्चीत बसलास, म्हणालास, "मान आखडलीय, मोडून दे." आणि मी भर दुकानात नाही म्हणालो. "ज्यानं तुला मान मोडायला शिकवलं त्यालाच नाही म्हणतोस? आकस धरून बसलायस!" असं ओरडून तू निघून गेलास.

आकस नाही रे. जरा ऐक.

मध्यंतरी माझी कंबर धरली होती. एका गिऱ्हाइकाची मान साफ करायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. बायको म्हणाली, "चला, कुणापुढे तरी वाकलात!" हा आपल्याला घरचा आधार. पण तिनंच मला फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं.

मला वाटलं, बाई दोन मिनिटांत कडकड वाजवून मोकळ्या होतील. कसलं काय! आधी प्रश्नच प्रश्न. पायाला मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास, कधी पडला होतात का. म्हटलं, मॅडम, सोयरीक जुळवतानासुद्धा माझी एवढी चौकशी झाली नव्हती. त्या हसल्या, पण प्रश्न काही थांबले नाहीत. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मग कुठे एका कुशीवर निजवलं, वरचा पाय दुमडला, खांदा मागे ढकलला, "श्वास सोडा" म्हणाल्या आणि कमरेला एक छोटासा झटका दिला. कट्! थोडे दिवस जावं लागलं, व्यायामही करतो, पण आज मी दिवसभर उभा राहतो. देव त्या बाईंचं भलं करो.

एकदा मी त्यांच्यापुढे बढाई मारली, की आम्हीही माना मोडतो, माझ्या दादानं शिकवलंय. त्यांनी विचारलं, "मोडायच्या आधी गिऱ्हाइकाला काय विचारता?" मी म्हटलं, "मालिश पण करू का, एवढंच." या वेळी त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, तो आवाज म्हणजे सांध्यातल्या हवेचा बुडबुडा, त्यात औषध नसतं. आणि ज्याच्या हातातून वस्तू सुटतात, बोटं जड पडतात, चालताना तोल जातो, त्याच्या मानेतली मुख्य नस दाबली गेलेली असू शकते. अशा माणसाच्या मानेला झटका दिला तर होता-नव्हता तो हातही जाऊ शकतो.

बघ, किती लांबण लावलीय मी. मुद्द्यावर यायला जीव धजत नाहीये.

दादा, काल तू चहाचा कप डाव्या हातानं उचललास. तुझ्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं होतं. तुझं! पायरी उतरताना तू दाराची चौकट धरलीस. हल्ली तू सगळ्या दाढ्या कारागिरावर सोपवतोस असं ऐकलं होतं. लोक म्हणाले, मोठेपणा आलाय. आणि मीही हसलो. वस्तरा हातात राहत नाहीये ना रे तुझ्या?

मी फार घाबरलो. चार गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हाताबद्दल कसं बोलणार? म्हणून नुसतं नाही म्हटलं. तू शिव्या घातल्यास, त्याचं वाईट वाटलं नाही. तेवढं तरी बोललास.

दुकान बंद करून तडक मॅडमकडे गेलो. त्यांनी उद्या सकाळी नऊची वेळ दिलीय. त्या मान मोडणार-बिडणार नाहीत. तपासतील आणि लागलं तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतील. वेळेवर आलात तर बरंच काही वाचवता येतं, असं म्हणाल्या. मी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतो. वहिनीला काही सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवून तिच्या हातात देतोय. तिला सांगायचं ते तू सांग, पण सांग.

बाबा गेल्यावर तू मला खोक्यावर उभं करून कात्री धरायला शिकवलीस. त्याच कात्रीवर माझं घर चाललंय, पोरांच्या तोंडात घास पडतोय. वेगळा होताना हे बोलायचं राहून गेलं. फार उपकार आहेत तुझे माझ्यावर, दादा.

उद्यापर्यंत कुणालाही मानेला हात लावू देऊ नकोस. बाजारातला तो जाड्या तर न विचारताच मोडतो, त्याच्या दुकानावरून जाऊसुद्धा नकोस. माझ्यावर रागवायचं असेल तर गाडीत बसल्यावर हवं तेवढं रागव. मी ऐकून घेईन. पण ये.

तुझ्या हाताखाली तयार झालेला,
धाकटा