खुर्चीचा डावा हात

ता. ४ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

यापुढे मला दुकानाच्या पत्त्यावर लिही, आणि त्याचा राग मानू नकोस. घरी आलेलं प्रत्येक पाकीट हल्ली बाबा आधी उजेडात धरून बघतात. आत औषधाची चिठ्ठी असेल अशी त्यांना आशा असते.

आईने तुला ‘यांची कंबर अजून कुरकुरते’ एवढंच कळवलं असेल. खरं असं आहे की, ऑपरेशनला दोन वर्षं झाली आणि कंबर केव्हाच शांत झाली, पण दुखण्याच्या गोळ्या वाढतच गेल्या. एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या संपल्या की बाबा दुसऱ्यांकडे जायचे, ते नको म्हणाले की तिसऱ्यांकडे. तिघांच्याही चिठ्ठ्या मला चष्म्याच्या घरात सापडल्या. गेल्या महिन्यात एका सोफ्याची पाठ शिवताना त्यांच्या हातून दाभण पडलं आणि ते सांगाड्याला टेकून उभ्याउभ्या झोपले. मी हलवून उठवलं, तर माझं नाव आठवायला त्यांना वेळ लागला. ताई, मी घाबरलो.

नवीन डॉक्टर समजूतदार आहेत. ते म्हणाले, एकदम बंद करायच्या नाहीत, दर पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या कमी करायच्या आणि घरच्यांनी जवळ राहायचं. गोळ्यांचा डबा दुकानात कुलपात आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. बाबा मला फौजदार म्हणू लागलेत. काल म्हणाले, फौजदारसाहेब, कैद्याला चहा तरी मिळेल का? आम्ही तिघंही हसलो. पण हसताना त्यांची नजर माझ्या गळ्यावर होती.

त्यांना घाम सुटतो, नाक गळतं, पाय आपोआप झटके देतात. आई पाय दाबत बसते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू हे दुखणं मीच आणलं. तू बाबांना एक खरमरीत पत्र लिही. तुझं ते ऐकतात, माझं फक्त ऐकून घेतात.

माझ्यावर लोभ आहेच. या खेपेला तो जरा जास्त लागेल.

तुझा,
भाऊ


ता. ११ ऑगस्ट

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने इतकं शुद्ध पत्र लिहू नये, वाचणाऱ्याला आपलीच लाज वाटते. कच्चं लिहून मग पक्कं करतोस ना अजून? तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले आणि दुसऱ्यांदा आईवर चिडले. मला परकी केलीत रे तुम्ही.

बाबांना वेगळं पत्र टाकलंय. नातीला पोहायला शिकवणार होतात ते कधी, असं त्यात विचारलंय. ठमी रोज आजोबांच्या नावाने भुणभुण करते. त्यांनी मार्चमध्ये पाठवलेल्या खुर्चीवरून ती उठत नाही. यांना स्वतःच्याच घरात बसायला जागा उरली नाही.

तू फौजदार झालास ते बरंच झालं, पण फौजदारालाही झोप लागते. जेवत जा. आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तिला बाबांचं दुखणं दिसतं, गोळी दिसत नाही.

काळजी करायला मी इकडे समर्थ आहे, तू तिकडे फक्त कळवत राहा.

तुझी,
ताई


ता. १ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगतो. गोळ्या निम्म्याहून कमी झाल्या. बाबा आपल्या हाताने दाढी करतात, दोन वेळा जेवतात. परवा तासभर दुकानात येऊन बसले आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवली. हे टाके आहेत की पायऱ्या, असं म्हणाले. इतकं बरं वाटलं की मी त्यांना उलट उत्तरही दिलं नाही.

आता दुसरं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाकडं स्प्रिंग वर आली म्हणून परत आलं. मी ते उघडलं. काथ्याच्या खाली अस्तराच्या कापडात शिवलेली एक पुडी होती, तिच्यात एकवीस गोळ्या. ज्या दिवसांत आम्ही घरभर शोधायचो, त्या दिवसांत बाबा हातात असलेल्या कामातच गोळ्या शिवून ठेवत होते. ते बाकडं पोचवायचं होतं तेव्हा ते ‘उद्या ने, उद्या ने’ म्हणत होते. मी मात्र दिलेल्या तारखेला चुकायचं नाही म्हणून ते हातगाडीवर घालून पोचवलं. माझ्या वक्तशीरपणाचं आजवर सगळ्यांनी कौतुक केलं आहे.

मी पुडी घेऊन बाबांच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं, शाबास म्हणतील. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, नीट ऐक. वडिलांचं शरीर आता जुना हिशेब विसरलं आहे. जेवढ्या ते पूर्वी सहज पचवत होते, तेवढ्या आज घेतल्या तर झोपेतच श्वास थांबेल. जितके बरे होतील तितका हा धोका जास्त.

ताई, तेव्हापासून ते एक घास जास्त जेवले तरी मी गळ्यातली किल्ली चाचपून बघतो.

मी बाबांना सरळ विचारलं, अजून कुठे आहेत? ते म्हणाले, तेव्हा मी तुझं नाव विसरत होतो, गोळ्या कुठल्या आठवायला! कामाच्या वहीतून मी त्या महिन्यांत गेलेल्या अकरा वस्तू काढल्या आणि गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन एकेक तपासली. शाळेच्या मोठ्या बाईंच्या सोफ्यात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो, तर त्या म्हणाल्या, काय हरवलं रे? मी म्हटलं, सुई. तेव्हापासून त्या खाली सतरंजीवर बसतात असं ऐकतो.

कुठेच काही निघालं नाही. निघालं असतं तर बरं, असं वाटतं. आमची आठवण ठेव, आणि देवाला आमची आठवण करून दे.

तुझा,
भाऊ


ता. ८ सप्टेंबर

चि. सौ. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बघ, अक्षर पुन्हा ओळीत चालायला लागलं. तुझा बाप बरा होतो आहे. तुझा भाऊ माझ्यावर उगवतो आणि माझ्यावरच मावळतो. पोरगा गुणाचा आहे, पण त्याच्या नजरेखाली माणसाला शिंकायचीही चोरी.

मी वीस तारखेला तुझ्याकडे येतो. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. आठ दिवसांच्या गोळ्या मोजून, पाकीट चिकटवून फौजदार बरोबर देणार आहे. ते आल्याबरोबर तुझ्या ताब्यात देईन. एकटाच येतो. दोन वर्षांत एकटा कुठे गेलो नाही.

खुर्ची कशी आहे? ती उन्हात ठेवू नकोस. कापड मळलं असलं तरी बदलायला कोणाला देऊ नकोस, हल्लीचे लोक आतलं सगळं उपसून टाकतात. मी आलो की दुपारी तुम्ही आपापल्या कामाला लागा. मी निवांत बसून एकदा तिची डागडुजी करीन. दाभण माझं मी आणतो. भाऊला यातलं काही लिहू नकोस, तो उगीच माझ्या कामात खोड काढील.

जावईबापूंना नमस्कार. ठमीला सांग, आजोबा येतोय, त्याची जागा रिकामी ठेव.

मुलीच्या घरी पाय लागावेत एवढीच इच्छा धरून असलेला,
बाबा


ता. १३ सप्टेंबर

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र आलं! अक्षर बघून यांना म्हटलं, माझे बाबा परत आले. वीसला येताहेत, ठाऊक असेलच. तुला खुर्चीचं लिहू नको म्हणालेत, म्हणून लिहितेच आहे. तिची इतकी चौकशी, की आमची तब्येत विचारायची राहिली! दाभणसुद्धा आणताहेत. दुपारी निवांत बसून डागडुजी करणार म्हणे. कारागीर माणूस, हात शिवशिवत असतील.

डागडुजी हवीच आहे म्हणा. ठमी म्हणते, खुर्चीच्या डाव्या हाताच्या पोटात खडे आहेत, दाबले की कुरकुरतात. मी म्हटलं, गप, आजोबांचं काम आहे, काथ्या असेल.

तू आता चार दिवस पाय पसरून झोप. पुढची पाळी माझी.

तुला हसवल्याशिवाय चैन न पडणारी,
ताई


ता. १६ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. पक्कं करत बसत नाही.

खुर्चीचा डावा हात उसव. आधी ठमीला तिथून उठव. काथ्या कुरकुरत नाही. तुझी खुर्ची वहीत नव्हती, म्हणून माझ्या यादीत आली नाही. घरच्या माणसाला दिलेल्या वस्तूची नोंद कोण करतं? मी अकरा परक्या घरांत हात घातले आणि तुझं विसरलो.

बाबांना अडवावं असं मनात आलं. मी बरोबर येतो म्हटलं तर म्हणाले, मग मी जातच नाही, आणि भरल्या ताटावरून उठले. आई म्हणते, त्यांना एवढं हसताना दोन वर्षांनी बघते आहे, आता तरी किल्ली बाजूला ठेव. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वडिलांना कोंडून भागणार नाही. खुर्ची रिकामी करा आणि येऊ द्या, पण एकटं बसू देऊ नका.

तार करणार होतो. पण ‘खुर्ची उसव’ एवढंच वाचून तू हसशील आणि बाजूला ठेवशील अशी भीती वाटली. हे पत्र एकोणीसला नक्की पोचतं असं पोस्टातल्या माणसाने दोनदा सांगितलं. बाबा एकोणीसच्या संध्याकाळी गाडीत बसतील. ते दाभणाला तेल लावताहेत.

कळव.

भाऊ


ता. २१ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकोणीसला दुपारी मिळालं. ठमीला शेजारी पाठवलं आणि कात्री घेऊन बसले. चौतीस गोळ्या निघाल्या. माझी लेक सहा महिने त्यावर डोकं टेकून चित्रांची पुस्तकं वाचत होती. यांनी त्या तशाच सरकारी दवाखान्यात नेऊन, समोर उभं राहून नष्ट करवल्या. मग मी मला जमेल तसा हात शिवून टाकला.

बाबा काल सकाळी आले. बारीक झालेत, पण डोळे स्वच्छ आहेत. ठमीला उचललं, यांची थट्टा केली. नंतर म्हणाले, जा तुम्ही, तुमची कामं करा. मी म्हटलं, आज मला काही काम नाही. ते खुर्चीत बसले. डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि अंगठा शिवणीवरून फिरवला. अर्ध्यावर अंगठा थांबला. म्हणाले, हा टाका माझा नाही. मी म्हटलं, माझा आहे.

त्या कुठे आहेत, त्यांनी विचारलं. गेल्या, म्हटलं. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की मी तुला ते लिहिणार नाही. चपला घालून बाहेर पडले. हे मागोमाग गेले. बाबा औषधाच्या दुकानासमोर बराच वेळ उभे होते, आत गेले नाहीत. परत आले, बॅगेतून दाभण काढलं, माझे टाके उसवले आणि सगळा हात नीट शिवला. म्हणाले, एवढे मोठे टाके घालशील तर सासरचे म्हणतील, बापाने काही शिकवलं नाही. तेव्हा आम्ही दोघंही रडलो.

काल संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, मला चार दिवस इथून हलू देऊ नकोस. तासाभराने म्हणाले, उद्याचीच गाडी बघ, दुकानात काम पडलंय. आज सकाळपासून हेच दोन्ही आळीपाळीने चाललंय. कारण सांगत नाहीत. यांनी रजा टाकली आहे आणि दारात पेपर वाचत बसलेत.

सोबत बाबांचं पाकीट आहे. बंद करून दिलंय, फोडणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मी वाचलेलं नाही.

इथली घडी आज तरी बसली आहे. उद्याचं उद्या लिहीन.

तुझी,
ताई


ता. २१ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीतल्या मी दिल्या नाहीत, त्या सापडल्या. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. गाडीत अख्खी वाट स्वतःला विचारत होतो, काढून छबूच्या हातावर ठेवायला चाललो आहे की दुसऱ्याच कामाला. उत्तर आलं नाही. टाका परका लागला तेव्हा मला राग आला. त्या रागावरून उत्तर कळलं.

आठवत नाही म्हणालो ते खोटं. अजून एक पुडी आहे, सगळ्यांत मोठी. दुकानात तू ज्या स्टुलावर बसतोस, त्याच्या बैठकीत, काथ्याच्या खाली आणि पट्ट्यांच्या वर. दोन महिने तू तिच्यावर बसून माझी राखण केलीस. कधी मला हसू यायचं, कधी तुला ढकलून द्यावंसं वाटायचं. तू उठतच नव्हतास, म्हणून मी छबूकडे आलो. आता मनात सारखं तेच स्टूल येतं.

ही पुडी मी देतो आहे. ही सापडली असं कोणाला सांगू नकोस.

तार करता आली असती. पण तारेने कळवण्याइतकी हिंमत नाही. पत्र टाकण्याइतकीच आहे. छबूलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला परतीची वाट उरणार नाही, आणि परतीची वाट पुरी बंद करणं अजून जमत नाही. मी स्वतःला ओळखतो. पाकीट बंद झालं की मला पस्तावा होईल. पत्राला तीन दिवस लागतात, गाडीला एक. जावईबापू दारात बसले आहेत, पण तेही माणूस आहेत, त्यांचाही डोळा लागेल. वचन मी देत नाही, माझी वचनं तुला पाठ आहेत.

पत्र आधी पोचलं तर स्टूल फोड, आणि मला तार कर, म्हणजे मी झोपेन. मी आधी पोचलो तर तुला यातलं काहीच ठाऊक नसेल. प्रवासाने दमून आलेला बाप दारात बघून तू लगबगीने उठशील, आणि बसा म्हणून तेच स्टूल पुढे करशील.

तुझा,
बाबा